आत ठेवू का बाहेर?

"घ्या रे इले उचलून. फोटोपुरतं."

सरपंच एवढंच म्हणाला आणि दोघांनी मला जमिनीवरून उचललं. एक ग्रामपंचायतीचा शिपाई, दुसरा जीपचा ड्रायव्हर. मला कोणी विचारलं नाही. ड्रायव्हरच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. त्याने माझ्या काखेत हात घातला आणि तो नको तिथं लागला, लागूनच राहिला. वर हसून म्हणाला, "वजनच नाही राजेहो. कापसाचं गाठोडं हाय निरा."

सगळे हसले. मी एकोणीस वर्षांची होते.

पायऱ्या चढून त्यांनी मला माझ्याच घराच्या दारात ठेवलं. हो, ठेवलं. लाल फीत, झेंडूचं तोरण, भिंतीवर रंगवलेलं माझं नाव आणि नावापुढे कंसात 'अपंग'. कापसाच्या नुकसानीची पाहणी करायला मोठं पथक आलं होतं. शेतं पाहून त्यांची तोंडं उतरली होती, म्हणून सरपंचाने त्यांना काहीतरी बरं दाखवायला आमच्या बौद्धपुऱ्यात आणलं. पथकातल्या एका साहेबाने वाकून विचारलं, "खुश आहे ना?"

मी बोलायच्या आत सरपंच बोलला. "लय खुश हाय साहेब. पहिले कुडात राहे."

फोटो निघाला. जीप गेल्या. त्यांच्यामागे सगळा गाव गेला, बाबाही गेले, कारण साहेबांना रस्त्यापर्यंत पोचवायचं होतं. मी वर ओट्यावर राहिले आणि माझ्या चपला खाली धुळीत राहिल्या.

चपलांचं सांगायला हवं. मला लहानपणी पोलिओ झाला. कमरेखाली दोन्ही पाय वाळलेले आहेत. मी हातांवर घसटत चालते आणि तळहात सोलू नयेत म्हणून हातांत रबरी चपला घालते. "पाय नाही, पण चपलेचा थाट पाहा," असं विहिरीवर बाया म्हणायच्या. म्हणू देत. त्या चपलांवर मी सगळी वस्ती फिरत होते, दुकानात जात होते, नाल्यापर्यंत एकटी जात होते.

ऊन चढलं. नवं सिमेंट तव्यासारखं तापलं. पायऱ्या उंच, धरायला काही नाही, खाली उतरायला गेले असते तर तोंडावर पडले असते. हाका मारल्या. सगळी वस्ती जीपमागे किंवा कापूस वेचायला. शेवटी त्या नव्या ओट्यावर, तोरणाखाली, माझं लुगडं ओलं झालं. माय वावरातून आली तेव्हा तिने आधी बादलीभर पाणी ओतून ओटा धुतला, मग मला. बाबांनी पाहू नये म्हणून तिची घाई चालली होती.

आता कोणी म्हणेल, बाबाच का नाही आले लवकर? बाबांचं वेगळं होतं. ते पायऱ्यांवर खूश होते.

आमच्या गावात जुन्या काळी आमच्या लोकांनी घराला जोतं घालायचं नाही, असा दंडक होता. घर जमिनीला टेकून. पावसाचं पाणी आत आलं तर आलं. माझ्या आज्याने एकदा दारासमोर मातीचा ओटा घातला आणि त्यावर बसला. आताच्या सरपंचाच्या आज्याने येऊन तो लाथेने पाडला. "आमच्यासमोर उंचीवर बसतं काय?" बाबा तेव्हा लहान होते, पण त्यांनी ते पाहिलं होतं. आम्हाला त्यांनी दुसरी गोष्ट कधी सांगितली नाही. हीच सांगायचे. लाथ कशी बसली, माती कशी ढासळली, आजा कसा खाली मान घालून तीच माती टोपलीत भरत होता.

म्हणून अपंगांच्या कोट्यातून माझ्या नावावर घरकुल आलं तेव्हा बाबांना घर दिसलं नाही. जोतं दिसलं.

आमची झोपडी मोडून तिच्याच जागेवर घर बांधायचं होतं. तुराट्यांचा कूड, वर कवेलू, म्हणजे कौलं. गळायची, विंचू निघायचे. पण तिची जमीन आणि अंगणाची जमीन एक होती. मी मनात येईल तेव्हा आत, मनात येईल तेव्हा बाहेर. दार म्हणजे पोत्याचा पडदा. हाताची शिलाई मशीन मी दारात ओढून आणायची आणि झंपर शिवत बसायची. त्या झोपडीत मी कोणावर ओझं नव्हते, हे मला ती मोडल्यावर कळलं.

जोत्यात मुरूम भरत होते तेव्हा इंजिनिअर मोजमाप घ्यायला आला. मी घसटत त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "साहेब, पायऱ्या नोको. उतार करा. मले चढता आलं पाह्यजे."

तो टेपकडे पाहत म्हणाला, "नकाशा वरून आलेला असतो. सगळ्यांना एकच. एका घरासाठी बदलत नाही."

"पण घर माह्यासाठी हाय."

सरपंच बाजूला उभा होता. तो म्हणाला, "उतार गोठ्याले असते वं. घरात बैलबंडी घालतं काय?"

मिस्त्री हसला, मजूर हसले. आणि बाबाही हसले. ते हसणं मला सरपंचाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगता?

संध्याकाळी बाबांनी मिस्त्रीला सांगितलं, अजून एक थर घाल. नकाशात नसलेला थर. त्याचा मुरूम बाबांनी नाल्यातून स्वतःच्या डोक्यावर वाहिला. मी विचारलं, "बाबा, मी कशी चढू?"

"मी हावो ना. उचलीन तुले." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मुरूम लागलेला होता. "सरपंचाच्या घरापरीस उंच झालं पाह्य जोतं. तुह्या नावाचं हाय पोरी."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला उंचावर बसवत आहेत.

पायऱ्याही त्यांनीच घातल्या. रोज सकाळ-संध्याकाळ गोणपाट टाकून पाणी मारलं. भिंतींना ठेकेदाराने काय वापरलं देव जाणे, नख लावलं की पोपडा निघायचा. पायऱ्या मात्र पक्क्या झाल्या.

मग राहायला गेलो. आणि माझी कैद सुरू झाली.

त्या वर्षांत कापसाचं पार वाटोळं झालं होतं. बोंडात कापसाऐवजी अळी निघायची. ज्यांची शेतं होती त्यांच्या दारात निदान गाड्या यायच्या, माणसं मेली तर पेपरात यायचं. ज्याच्या नावावर शेतच नाही, त्याचं काय बुडालं हे कोणी विचारलं नाही. वेचायला कापूस नाही म्हणजे मायच्या हाताला काम नाही. ती आणि बाबा दूरदूरच्या गावांत कामाला जायला लागले. उजाडायच्या आत निघायचे, दिवेलागणीला यायचे. निघताना माय मला विचारायची,

"आत ठेवू का बाहेर?"

रोज. वाळवणाला विचारावं तसं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, कामाची घाई होती. आत ठेवलं तर मशीन होती, सावली होती, पण दिवसभर लघवीला जायची सोय नव्हती. म्हणून मी पाणी पिणं सोडलं. बाहेर ठेवलं तर नाल्यापर्यंत जाता येत होतं, पण मशीन आत, ऊन डोक्यावर, आणि पाऊस आला तर स्वतःच्या घरासमोर भिजत बसायचं. सरकारने मागे संडास बांधून दिला होता. त्यालाही पायऱ्या, आणि दार असं अरुंद की मी बसल्याबसल्या त्यात वळू शकत नव्हते. मायने त्यात पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं, जळणासाठी भरली. बरोबरच केलं तिने.

लघवीचा आजार झाला. ताप यायचा. कपडे शिवायला देणाऱ्या बाया कमी झाल्या, कारण मी कधी आत असायची, कधी बाहेर.

एकदा योजनेतून मिळालेली, हाताने चालवायची तीनचाकी सायकल मारत मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. तोच इंजिनिअर. ऑफिसलाही पायऱ्याच. मी खाली, तो वर व्हरांड्यात. मी म्हटलं, घराला उतार करून द्या. त्याने माणूस पाठवून फाईल आणवली आणि वरूनच मला फोटो दाखवला.

"हे बघा. घर पूर्ण. लाभार्थी दारात बसलेली आहे. वर चढल्याशिवाय दारात कशा बसलात?"

"मले उचलून ठेवलतं साहेब."

"ते फोटोत दिसत नाही."

त्याच्या आवाजात चीडसुद्धा नव्हती. माझ्यानंतर दुसरा माणूस होता, त्याच्याशी तो बोलायला लागला. आम्ही तेव्हा अपंग होतो. पुढे आम्हाला दिव्यांग म्हणायला लागले. शब्द चांगला आहे, पण त्या ऑफिसच्या पायऱ्या आहेत तेवढ्याच आहेत.

परत येताना चढावर सायकल रेटत होते. खांदे भरून आले होते. रडू येईल वाटलं, पण आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मला उचलणारा प्रत्येक जण मला उचलण्याआधी गाठोडं करतो. ड्रायव्हरने वाईट मनाने केलं, बाबांनी मायेने केलं. गाठोडं दोन्ही वेळा झालं.

त्या रात्री मी अंगणातच झोपले. सकाळी मायने विचारलं, "आत ठेवू का बाहेर?"

"कोठीच ठेवू नोको. मी ठेवाची वस्तू नोहो."

मी अंगणातच राहिले. मशीन खाली आणवली. पऱ्हाटी आणि जुनी ताडपत्री लावून भिंतीला टेकून आडोसा केला. त्या दिवसापासून मी त्या घरात गेले नाही. संध्याकाळी बाबा आले, ओट्यावर बसले. "लोक काय म्हंतीन? घर असून पोरगी बाहेर राह्यते?"

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मान बरीच वर करावी लागली. "बाबा, तुमचा बाप त्यायच्या ओट्याखाली बसे. मी तुमच्या ओट्याखाली बसून राह्यली. मंग बदललं काय?"

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले आणि आत गेले. पुढे कितीतरी दिवस आम्ही बोललो नाही.

मग पुन्हा पाहणी आली. सरपंच आधी धावत आला, माझा आडोसा पाहून लाल झाला. "हे काय भिकाऱ्यावानी मांडलं? साहेब लोक येऊन राह्यले. घ्या रे इले उचलून, ठेवा वर."

शिपाई पुढे आला. माझ्या हातात चपला होत्याच. मी उजवा हात वर केला. "हात लावून पाह्य. तोंडावर बसन."

तो थांबला. सरपंचही थांबला. आमच्या वस्तीतल्या बाईने आजवर त्याच्यासमोर, त्याच्या माणसावर चपलेचा हात उगारला नव्हता. वस्तीतल्या बाया-पोरं पाहत होती. कोणी मला शाबास म्हटलं नाही, कोणी मध्ये पडलं नाही. त्या दिवशी पथक दुसऱ्या वाटेने नेलं. सरपंचाच्या वावरातलं मायचं उरलंसुरलं काम बंद झालं. एवढाच त्याचा निकाल.

पुढल्या उन्हाळ्यात बाबा आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. ते आत खाटेवर, मी बाहेर. माय कामाला गेली होती, कारण एकीने तरी जायला हवं होतं. दुपारी आतून आवाज आला.

"पोरी, पाणी."

मी पायऱ्यांशी गेले. पहिलीवर कोपरं टेकवली, अंग वर ओढलं. दुसरीवर हात निसटला. हनुवटी फुटली. पुन्हा चढले, पुन्हा पडले. आतून आवाज येत होता, "पोरी, पाणी देनं वं." मी ओरडत होते, "येऊन राह्यली बाबा, येऊन राह्यली." माझा माठ माझ्याजवळ होता. बाबा माझ्यापासून एका खोलीइतके दूर होते. शेवटी आवाज बंद झाला, त्यांना ग्लानी आली होती. पाणी त्यांना संध्याकाळी मायने पाजलं.

त्यानंतर ते थोडेच दिवस राहिले. मायला मी माझ्या फुटलेल्या हनुवटीचं सांगितलं, तिने त्यांना सांगितलं असेल.  बाबा गेले तेव्हा चौघांनी त्यांना उचलून पायऱ्यांवरून खाली आणलं आणि अंगणात माझ्यासमोर ठेवलं. तेव्हा मी त्यांचं तोंड पाहिलं.

लोक पांगले. तेरवी-बिरवी आमच्यात नसते. बुद्धवंदना झाली, भोजनदान झालं. त्यानंतर मी शेजाऱ्याकडून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागून आणली आणि खालच्या पायरीवर घाव घातला.

माय धावत बाहेर आली. "बापाच्या छातीवर घाव घालून राह्यली का वं?"

"हो," मी म्हटलं.

ती ऊर बडवत तिथंच बसली. तिचं चुकलं नाही. त्या पायऱ्या म्हणजेच आमचा बाप होता, आणि मला त्या तोडायच्याच होत्या. भिंत असती तर दोन घावांत आली असती. बाबांनी पाणी पाजलेली पायरी येत नाही. बसून घाव घालणाऱ्याच्या घावाला जोर नसतो, सब्बल उसळून परत येते, दिवसाकाठी मूठभर खपली निघते. गवंडी मिळत नाही. सरपंचाला दुखवून कोण येणार? वस्तीतले जुने लोक म्हणतात, पोरीने बापाची इज्जत मातीत घातली. ऑफिसात माझं घर अजून पूर्णच आहे. माझ्यानंतर आजूबाजूला जी अपंगांची घरकुलं झाली, त्या सगळ्यांना पायऱ्याच आहेत. मला यातून काही बदलेल असं वाटत नाही.

तरी मी रोज फोडते. निघालेली खडी बाजूला रचते, तीच मुरुमात मिसळून उतार घालायची आहे. त्या उतारावरून मी माझ्या हातांनी वर जाईन आणि माझ्या हातांनी खाली येईन. नाही झाला तर या अंगणात मरेन. मेल्यावर उचला, त्याला माझी हरकत नाही. जिवंतपणी मला कोणी हात लावायचा नाही.