सादिकच्या खोलीतला एसी

नवरा सादिक गेल्यापासून जुबैदाने त्याच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या नव्हत्या. दोन वर्षं झाली होती. टेमघरच्या त्या घरात तळमजल्यावर सादिकचे कापड विणायचे सोळा लूम चालायचे. शिफ्ट संपवून तो वर आला की केसांत, भुवयांवर कापसाची रुई, कपड्यांना मशीनच्या तेलाचा आणि खसच्या अत्तराचा वास. हौसेने घेतलेला एसी लावून तो आडवा व्हायचा. "दिवसभर भट्टीत होतो, आता काश्मीर!" म्हणायचा.

तो गेला, लूम भंगारात गेले, खोलीत उरला तेवढा वास. तोही निघून जाऊ नये म्हणून जुबैदा खिडक्या घट्ट लावून ठेवी आणि दुपारी एसी सुरू करून तिथे पडून राही. डोळे मिटले की वाटे, आत्ता जिन्यावर पावलं वाजतील.

या पावसाळ्यात त्या वासात काहीतरी आंबूस, ओलसर मिसळलं. जुबैदाने तिकडे काणाडोळा केला. पण सात वर्षांची नात आयत हट्टाने दादीजवळ झोपायची, तिला खोकल्याची उबळ येऊ लागली. एके दुपारी तिची छाती घरघरायला लागली, तशी सून अक्सा तिला उचलून डॉक्टरकडे धावली. परत आली ती ठरवूनच.

"अम्मी, तो एसी साफ होईपर्यंत आयत त्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

दुसऱ्या दिवशी पडघ्याहून सुभाष मेकॅनिक आला. मेन स्विच बंद करून, तोंडाला फडकं बांधून त्याने एसीचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला.

"चाची, बघा. सगळी बुरशी हाय. पाण्याचा पाईप तुंबलाय, ओल आतच राह्यली. आन् ही रुई. खाली लूम होते ना? ती भिजली, तिच्यावर बुरशी धरली."

काळ्या चिकट थरात राखाडी पुंजके अडकले होते. जुबैदाचा हात आपसूक पुढे झाला.

"हात नका लावू."

"ती रुई त्यांच्या अंगावरची आहे रे," ती म्हणाली. "थोडी ठेवून घेऊ?"

सुभाषने पाण्याचा पंप जोडायला घेतला. "न्हाय चाची. पोरगी पुन्हा आजारी पडंल."

पंपाच्या धारेने बादलीत शाईसारखं पाणी साचलं. सुभाष ती उचलून मोरीकडे निघाला, तेव्हा जुबैदा "थांब" म्हणाली. तिने बादलीत डोकावून पाहिलं, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "ओत."

"बंद करण्याआधी जरा वेळ नुसता पंखा चालू ठेवत जा, आतून सुकतो," सुभाषने निघताना सांगितलं. "आन् खिडक्या उघडा."

कड्या गंजल्या होत्या. जुबैदा आणि सुभाषने मिळून जोर लावला, तेव्हा कुठे टेम्पोच्या हॉर्नसकट रस्त्यावरचा वारा आत घुसला.

आठवडाभराने आयत पुन्हा दादीजवळ आली. जुबैदाने उशीत तोंड खुपसलं. नुसता साबणाचा वास. तिला हुंदका आवरेना.

"दादी, काय शोधतेस?"

"तुझ्या दादाजानचा वास."

"कसा होता?"

तो काही तिला सांगता येईना. मग तिने निकाहच्या दिवशीची गोष्ट सांगितली. नवे बूट चावले म्हणून नवरामुलगा ते हातात धरून भर वरातीत अनवाणी चालत आला होता. आयत खदखदून हसली.

"अजून सांग."

"उद्या," जुबैदा म्हणाली. पण तिला स्वतःलाच राहवेना. कुशीवर वळून तिने पुढची सुरू केली.