ते वारं देवीचं नव्हतं

मी देवीच्या गडाच्या पायऱ्या चढत होते त्या भक्तीने नव्हे, रागाने. आमची पाच-सहा जणांची संघटना नाशिकरोडच्या वस्त्यांमधून पत्रकं वाटते. व्यसन हा आजार आहे, आजाराला उपचार लागतो आणि तो सरकारी दवाखान्यात मिळालाच पाहिजे, हे मी चौकाचौकांत ओरडून सांगते. माझ्याच घरात मात्र माझं कुणी ऐकत नव्हतं. माझा मोठा भाऊ, दादा, नामपूरच्या मार्केटमधून कांद्याची पिकअप चालवायचा. सकाळी घोटभर दारू पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातात स्टेअरिंग ठरत नसे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं तर खिडकीवरून उत्तर आलं, दारूचे पेशंट इथे दाखल करत नाहीत. खाजगी केंद्राचा खर्च ऐकून वहिनी दारातूनच परतली. मग आईने तिचा मार्ग काढला. दादाने देवीची शपथ घ्यायची.

आमच्याकडे दारू सोडणं म्हणजे हेच. दोन दिवस उपास करून अंग शुद्ध ठेवायचं, थेंबाला शिवायचं नाही आणि तिसऱ्या दिवशी गडावर जाऊन देवीसमोर हात जोडायचे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर शरीर उलटतं, हे मला ठाऊक होतं. तसं मी म्हटलंही. आई म्हणाली, "चांगल्या कामात तोंड घालू नकोस." दादा हसला, "पुढारीणबाई, तुझ्या पत्रकाने सुटली नाही, आता देवीला बघू दे." आणि त्याने खरंच थेंब घेतला नाही. इतक्या मनापासून काही करताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. म्हणून तर राग जास्त येत होता. एवढी जिद्द असलेल्या माणसाला एक खाट देता येत नाही, आणि म्हणे व्यसनमुक्त महाराष्ट्र!

अर्ध्या पायऱ्या चढलो आणि दादा थांबला. आधी हात थरथरले, मग सगळं अंग. घामाने सदरा पाठीला चिकटला. समोर कुणी नसताना तो कुणाशी तरी बोलायला लागला, "आलो गं, आलो," असं काहीतरी. कुणीतरी ओरडलं, "देवी आली! वारं आलं अंगात!" बघता बघता गर्दी जमली. एका बाईने त्याच्या कपाळाला कुंकू फासलं, दुसरीने पायावर नारळ ठेवला. आईने त्याच्या पायांवर डोकं टेकवलं आणि हुंदके देत विचारू लागली, "बोल माय, काय चुकलं आमचं?" मी किंचाळले, "अगं देवी नाही, दारू तुटलीय त्याची! डॉक्टरकडे न्या!" आजूबाजूचे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काय मीच बाटली घेऊन उभी आहे. एक काका म्हणाले, "ह्या पोरीला आधी बाजूला घ्या रे." सगळा अभ्यास, सगळी पत्रकं, सगळ्या घोषणा माझ्याजवळ होत्या आणि माझा भाऊ माझ्यासमोर मरत होता. तेव्हा मी पहिल्यांदा, कुणाला ते न ठरवता, मनात म्हटलं, माझं कुणी ऐकत नाही, आता तूच बोल.

वरून एक बाई उतरत होती. मोकळे केस, कपाळभर मळवट, हातात लिंबू. लोक आपोआप बाजूला झाले. दर पौर्णिमेला तिच्या अंगात येतं, तिच्या पाया पडायला बागलाणातून माणसं येतात, असं मागून कुणीतरी कुजबुजलं. ती दादासमोर बसली. त्याचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाहिलं, मग आईकडे वळली आणि अहिराणीत स्पष्ट म्हणाली, "हाई देवीनं वारं नही शे, बाई. मन्हा धनी असाच गया. आम्ही आरती करत बसनूत. याले दवाखान्यात ली जा." आई उठून उभी राहिली. मी घसा फोडून सांगितलेलं जे तिच्या कानात शिरलं नव्हतं, ते या बाईच्या एका वाक्याने आत गेलं. काकांनीच दादाला उचलायला पहिला हात लावला. खाली जीपवाला दादाच्या कपाळावरचं कुंकू बघून बिचकला, "ताई, देवीला दवाखान्यात नेऊ म्हणता?" मी म्हटलं, "देवीनेच पाठवलंय, चल."

नाशिकला मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दादाला एक झटका येऊन गेला होता. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी काही न विचारता खाट दिली, औषध सुरू केलं. नंतर त्यांनी आईला समजावलं की रोजची दारू औषधाच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडायची असते. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे शपथेच्या आधी तुमच्याकडे यायचं." माझ्या सगळ्या पत्रकांत इतकं सरळ वाक्य एकही नव्हतं. आता ते आमच्या पत्रकावर पहिलं आहे. त्याखाली मागणी तीच आहे: प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात खाट, औषध आणि समजून घेणारा माणूस. या मागणीवर सह्या घ्यायला मी आता देवळाच्या रांगेतही जाते.

दादा सावरला. दवाखान्यातल्या दारू सोडणाऱ्यांच्या गटात नियमाने बसतो, औषध घेतो, पुन्हा गाडी चालवतो. मग आम्ही गडावर गेलो आणि त्याने राहिलेली शपथ घेतली. उतरताना ती मळवटवाली मावशी भेटली. मी पाया पडले. तुम्ही त्या दिवशी देवीसारख्या आलात, असं म्हटलं. चमत्कार होता का, हे मी विचारत नाही. मी हात टेकले तेव्हा कुणीतरी उतरून आलं, एवढं मला पुरतं. आणि हात टेकणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे मावशीनेच शिकवलं. तिने हातातलं लिंबू माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "मन्हा तोंडानी ती कधीमधी बोलस. तुन्हा तोंडानी रोज बोलू दे."