मागचे दोन स्पीकर

रविवार, ८ नोव्हेंबर २००९. सकाळी पंखे पुसले. यांनी मागच्या स्पीकरच्या तारा गालिच्याखालून नेल्या. चारला वन्सं आणि त्यांचे यजमान येणार. डिस्क लावायची आहे.

एवढं लिहून तिने वही मिटली. तिच्या नवऱ्याला सगळे कानसेन म्हणत. जन्मभर चित्रपटांचे आवाज जुळवले, पण नाव कुठेच लागलं नाही. आता एका जुन्या चित्रपटाची डिस्क निघाली होती. समोरून एकसुरी येणारा त्या चित्रपटाचा आवाज कानसेनांनी तीन महिने खपून सहा स्पीकरांत वाटला होता, आणि वेष्टनावर पहिल्यांदाच त्यांचं नाव आलं होतं. ते बहिणीला ऐकवायचं होतं.

"दादा, आम्ही बसायचं कुठे?"

"मधोमध. पक्षी मागून येतील, डोक्यावरून जातील, मग पडद्यात शिरतील."

पक्षी आले ते पडद्यातूनच. मागचे स्पीकर ठार मुके. डबा घेऊन स्टुडिओत गेली असताना तिने हेच पक्षी पाठीमागे ऐकले होते. तिने बिस्किटांची बशी पुढे केली.

"अगंबाई, केवढी फडफड मागून!" नणंद म्हणाली. "मी तर दचकलेच."

"माझे केस उडाले," टकलावरून हात फिरवत तिचे यजमान म्हणाले.

कानसेन हसले नाहीत. गुडघ्यांवर बसून त्यांनी तारा चाचपल्या, स्पीकरला कान लावला. मग पडद्यावर डिस्कमधल्या आवाजांची यादी उघडली. आत नुसता दोन स्पीकरांचा आवाज होता. वेष्टनावर मात्र ठसठशीत सहा.

त्यांनी डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या मालकाला फोन लावला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"डिस्कवर जागा पुरेना हो. आमच्या चिरंजीवांची मुलाखत लांबली, म्हणून तुमचा सहाचा आवाज काढला."

"आणि वेष्टन?"

"आधीच छापलं होतं. महिना झाला विकतोय, एकाची तक्रार नाही. कुणाला कळतंय?"

नणंदेने बिस्किटांची बशी स्वतःकडे ओढली.

"मग माझं नाव तरी काढा," कानसेन म्हणाले.

"असू द्या की! शोभतंय."

फोन ठेवल्यावर यजमानांना एकाएकी काम आठवलं. पाहुणे गेले. कानसेन मधल्या खुर्चीत बसून राहिले.

"तुला ऐकू आलं मागून?"

"नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वन्सं एवढ्या कौतुकाने सांगत होत्या..."

"कौतुकाने," ते म्हणाले. वेष्टनावरचं आपलं नाव ते नखाने खरवडू लागले. वरचं प्लास्टिक तेवढं फाटलं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. त्या संध्याकाळी तिने वहीत एवढंच लिहिलं: गॅस संपला. नवा सिलिंडर लावला.