शेजारची

“ही कोण गं, कमल?” मॅडमनी विचारलं.

“शेजारची हाय. चावी मागाया आली,” आई म्हणाली.

मी शेजारची नव्हते. मी तिच्या पोटची मुलगी होते. नऊ वर्षांची. अंगात ताप होता म्हणून शाळेतल्या बाईंनी घरी पाठवलं होतं. घराला कुलूप. तारकपूर स्टँडच्या मागं आमची एक खोली होती. वडील ट्रकवर ड्रायव्हर, आठ आठ दिवस बाहेर. मग मी चालत सावेडीला आले. आई कामाला होती त्या बंगल्यावर.

आईच्या मांडीवर रेवा बसली होती. मॅडमची मुलगी, तीन वर्षांची. आई तिला वरणभात भरवत होती आणि भरवता भरवता गोष्ट सांगत होती. कोल्ह्याची. मला तिनं कधी गोष्ट सांगितली नव्हती. तिला गोष्टी येतात हेच मला माहीत नव्हतं.

तिनं कमरेची चावी काढून माझ्या हातात दिली. बोटं बोटांना लागली. ताप कळला असणार तिला. पण तिनं वर बघितलं नाही. रेवा म्हणाली, “माई, तिला बिस्किट दे.” माई म्हणजे माझी आई. मॅडमनी आतून दोन बिस्किटं आणून दिली. मी घेतली. आणि “थँक्यू, काकू” म्हणाले. शेजारच्या मुलीनं म्हणावं तसं.

याची लाज मला अजून वाटते. आई खोटं बोलली आणि मी तिला साथ दिली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, “कामाला ठेवतानाच त्यांनी इचारलं हुतं, घरात लहान पोर हाय का म्हणून. पोरवाल्या बाया सारख्या सुट्ट्या घेत्यात. म्या न्हाई म्हणले. आता तिकडं यायचं न्हाई.”

मी म्हणाले, “बरं.”

त्या दिवसापासून मी रेवावर जळायला लागले. शब्द गोड करून सांगत नाही. जळत होते. आई घरी यायची तेव्हा तिच्या पदराला रेवाच्या पावडरीचा वास असायचा. भाकरी थापताना बोलायची ती रेवाबद्दल. रेवा आज अशी हसली. रेवाला वांगं आवडत न्हाई. रेवाला माझ्याबिगर झोप येत न्हाई. मलाही येत नव्हती. पण ते कुणी कुणाला सांगायचं?

माझे केस लांब होते. सकाळी वेणी घालायला आईला वेळ नसायचा. उवा झाल्या. एका रविवारी तिनं मला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं नेलं आणि पोरासारखे केस कापून घेतले. तिकडं रेवाच्या केसांना ती रोज तेल लावायची, दोन वेण्या घालायची, रिबिनी बांधायची. मला कसं कळलं? मी बघायला जायचे. यायचं न्हाई म्हणाली होती, तरी जायचे. बंगल्यासमोर विजेची डीपी होती. तिच्या आडोशाला उभी राहायचे. रेवा शाळेच्या बसमध्ये चढायची, आई तिला हात हलवायची, आणि बस वळेपर्यंत तिथंच थांबायची. मी समोर होते. रस्त्याच्या पलीकडं. मला तिनं कधी बघितलं नाही.

मनात एक वाक्य तयार असायचं. “आये, आज जाऊ नको.” इतकंच. रोज सकाळी ती चप्पल घालायची तेव्हा ते जिभेवर यायचं. मी गिळायचे. कारण ती “न्हाई” म्हणाली असती तर? न विचारता निदान असं वाटत राहायचं, की विचारलं असतं तर थांबली असती. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

दोन वर्षांनी मॅडमना खरं कळलं. बाजारात आम्हा दोघींना बघितलं त्यांनी. हसल्या. “मुलगी आहे होय तुला? बरं लपवलंस.” तोवर रेवाला आईची सवय लागली होती, त्यामुळं काम गेलं नाही. मला रेवाची जुनी दप्तरं यायला लागली. काहींच्या खिशावर आईनं रेवाचं नाव टाक्यांनी काढलेलं असायचं. मी ते टाके ब्लेडनं उसवून दप्तर वापरायचे.

बारावी झाले. लग्न झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याच खोलीत. आई म्हणाली होती, सव्वा महिना सुट्टी घेते. मी दिवस मोजले होते. सव्वा महिना माझी आई माझी. मला मुलगी झाली. दोन दिवस आईनं शेक दिला, डिंकाचे लाडू केले, बाळाला न्हाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. रेवाची बारावीची परीक्षा होती. तिला आईच्याच हातचं जेवण लागतं, टेन्शननं काही खात नाही म्हणाल्या.

फोन ठेवून आई माझ्याकडं बघत राहिली. “जाऊ का?” म्हणाली.

तिनं विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. आणि मी म्हणाले, “जा की. मला काय झालंय?”

ती गेली. पेपर संपेपर्यंत तिकडंच राहिली. शेजारच्या मावशी येऊन बाळाला न्हाऊ घालायच्या. मी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायचे.

रेवा यंदा शिकायला जर्मनीला निघाली. जायच्या आधी बंगल्याच्या गच्चीवर दुपारचं जेवण ठेवलं होतं. आम्हालाही बोलावलं. पाच वर्षांची लेक माझ्या मांडीवर. आई नव्या साडीत, पुढच्या खुर्चीवर, मॅडमच्या शेजारी. जेवणं झाल्यावर रेवा माईक घेऊन उभी राहिली. चांगलं बोलते ती. कुणाकुणाचे आभार मानले आणि मग आईकडं वळली.

“माई मला कधीच सोडून गेली नाही,” ती म्हणाली. “माझी बारावी होती तेव्हा तिची स्वतःची मुलगी बाळंतीण होती. तरी तिसऱ्या दिवशी माई माझ्यासाठी आली. असं प्रेम कुणाला मिळतं?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. आई खाली मान घालून हसत होती. माझी लेकसुद्धा टाळ्या वाजवत होती. मी तिचे हात धरले.

उठले. उठायचं ठरवलं नव्हतं.

“टाळ्या कशाच्या वाजवताय?” मी म्हणाले. “ती बाळंतीण मी. मला आई पाहिजे होती.”

रेवाच्या हातातला माईक खाली आला. ती काही वाईट मुलगी नाही. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, की तिच्या ताटातला घास दुसऱ्या कुणाचा होता.

मॅडम म्हणाल्या, “अगं, मग तेव्हाच सांगायचं ना. आम्ही काय अडवलं असतं का?”

“अडवलं असतं,” मी म्हणाले. “कामाला ठेवतानाच अडवलं होतं. म्हणून तर मी शेजारची झाले.”

“गप बस,” आई म्हणाली. मॅडमना नाही. मला.

मी लेकीला कडेवर घेतलं आणि जिना उतरले. आई मागून आली. फाटकाशी मला गाठलं. चेहरा लाल झालेला. “लोकांत माझी अब्रू घालवलीस. इतकी वरसं मनात ठिवलंस, मग एकदा तरी म्हणायचं हुतं.”

मॅडमचंच वाक्य. पण तिच्या तोंडून ते मला लागलं, कारण अर्धं खरं होतं. मी म्हणाले नव्हते. आणि ती तरी कुठं म्हणाली होती मॅडमना, की मला एक पोरगी हाय, तिला ताप आलाय, मी घरी चालले? तीसुद्धा नकाराला भीत होती. फरक इतकाच, की तिला नकार मिळाला असता तर चूल बंद पडली असती. मॅडमना नकाराची भीती कधी वाटली नाही. ज्यांना ती वाटत नाही त्यांनाच वाटतं, सांगणं सोपं असतं.

“आता म्हणते,” मी म्हणाले. “आये, माझ्याकडं चार दिवस राहायला चल. मला तू पाहिजे.”

एकोणतिसाव्या वर्षी. रस्त्यावर.

ती वर गच्चीकडं बघत राहिली. “रेवा जाईस्तवर न्हाई जमायचं. आणि मंग मॅडम एकट्या पडत्यात.”

“म्हणजे न्हाई.”

“न्हाई.”

वीस वर्षं ज्याला भ्याले ते हे. एक शब्द. लागला. लई लागला. मी रिक्षा थांबवली आणि लेकीला घेऊन बसले. लेक विचारत होती, काय झालं. मी तिला खरं सांगितलं. म्हणाले, “मी आजीला बोलावलं, ती नाही म्हणाली. मला वाईट वाटतंय.” तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. आम्ही नागापूरला घरी आलो.

मी एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथं बाया सुट्टीसाठी कुणाला तरी खोटं खोटं मारतात. सासरा, चुलता, मामा. पोराच्या शाळेत जायचंय असं कुणी म्हणत नाही. पुढच्याच आठवड्यात लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी सुपरवायझरला म्हणाले, “माझ्या मुलीचा नाच आहे. तिला मी समोर पाहिजे. उद्या येणार नाही.” तो म्हणाला, “असल्या कारणाला सुट्टी मिळत नाही.” मी म्हणाले, “कारण हेच आहे.” आणि गेले नाही. खाडा लागला. लागू दे.

रेवा गेली. तिचा हेवा अजून वाटतो. मोठेपणा दाखवून मी तो टाकणार नाही. तो माझ्या हक्काचा आहे. आई अजून रोज बंगल्यावर जाते. येत्या रविवारी मी तिच्या दारात जाणार आहे आणि तेच विचारणार आहे. ती नाही म्हणाली, तर त्याच्या पुढच्या रविवारीही. नकार द्यायचा तर तिनं माझ्या डोळ्यांत बघून द्यावा. तिच्या वतीनं तो मी स्वतःला देणार नाही.