हौसानं बांधावर दिलेली जागा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पावट्याच्या शेंगा सोलायचं. ओट्यावर ऊन कललं होतं, मधी सूप, अलीकडं ती, पलीकडं मी. मी किडका दाणा चांगल्यात टाकला की ती गुमान उचलायची आणि माझ्याच पायाशी भिरकावायची. म्हटलं, "अगं, एका दाण्यानं कुणी मरतंय व्हय?" तर म्हणाली, "दिसत न्हाय तर चष्मा लावा. पर डोळं झाकून सोलू नका." एवढंच शेवटचं बोलणं. पातेलं आणायला म्हणून ती आत गेली आणि भांडं पडल्याचा आवाज आला… जाऊन बघतो तर भिंतीला टेकून बसल्यागत बसलेली. गाडी येईपर्यंत सगळं आटपलं होतं. दिवेलागणीच्या आत हौसा गेली.

आता महिना होत आला. पुरवणीत छापू, तुम्हीच लिहा, असं पेपरवाले म्हणाले म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला माणूस. रडगाणं मला लिहिता येत नाही आणि हौसाला ते चाललंही नसतं. माझ्या बायकोनं एक काम करून ठेवलं, त्याची मला घमेंड आहे. ती घमेंड तेवढी लिहितो.

आमचं गाव निरवांगी. उसाचं गाव. कारखान्याचं गाळप सुरू झालं की तोडीच्या टोळ्या येतात, रानात पाचटाच्या कोप्या घालतात, ऊस संपला की जातात. त्यातल्या काही टोळ्या सातपुड्यातल्या भिल्लांच्या. हौसा एकदा बायकांच्या राखीव जागेवर पंचायतीत निवडून आली होती. मुदत संपली तरी आरोग्य केंद्राच्या समितीवरनं काही ती उठली नाही. उठवायची कुणाची छाती नव्हती म्हणा. तर एका वर्षी टोळ्यांसाठी आरोग्याचं शिबिर झालं. मांडव, माईक, पाहुण्यांच्या हस्ते नारळ, सगळं झालं. फक्त टोळीतलं माणूस आलं नाही. बाया कोप्यांच्या दारात उभ्या राहून लांबनं बघत होत्या. हौसाचं डोकं फिरलं. "ह्या बायांना आपल्या जिवाची किंमत न्हाय," म्हणत ती भांडायला म्हणून कोप्यांकडं गेली. आणि चांगल्या दोन तासांनी गप्प होऊन आली. हौसा गप्प, म्हणजे काहीतरी मोठं असणार.

टोळीतली जुनी बाई होती, रायलीबाई. तिची सून इंदी दिवसांत होती. पायाला सूज, तोंडाला सूज. रायलीबाईनं सांगितलं, दवाखान्यात नेणार नाही. आधीच्या सुनेला एकदा कुठल्याशा दवाखान्यात नेलं होतं. बाळंत झाल्यावर रायलीबाईनं लेकरामागनं पडलेली वार मागितली, तर लोक हसले. म्हणाले, ती गेली कचऱ्यात. "लेकराच्या जोडीनं पोटात वाढली ती," रायलीबाई म्हणाली, "आमी तिला मातीत ठेवतो, तोंड आमच्या डोंगराकडं करून. तुमी कचऱ्यात टाकली. मग लेकरानं आपली माती कंची म्हणायची?"

हौसा मला हे सांगताना चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "अवो, आपण तरी काय येगळं करतो? सासूबाईंनी घरातल्या लेकराची माझ्या समोर परसात पुरलीया. आपलं ते आपलं, आन त्यांचं ते अडाणीपण व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात गेली, मोटरसायकलवर मागं बसून. चालवणारा मीच, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. डॉक्टरीण बारामतीकडची, तरणी. म्हणाली, "आक्का, वार पिवळ्या पिशवीत जाते, जाळायला. नियम आहे तसा." हौसा म्हणाली, "आसंल. पर आईनं मागितली तरी देऊ नका, आसं लिवलंय का त्यात? तेवढं वाचून सांगा." डॉक्टरीण चिडली नाही. हा तिचा मोठेपणा, तोही मी लिहितो. तिनं वर विचारलं, मोठ्या दवाखान्यात बोलली, आणि दोन-चार दिवसांत स्वतः टोळीवर आली. खाली गोणपाटावर बसली आणि रायलीबाईला समजावून सांगितलं, की बाईला काही लागण असली तर वार देता येणार नाही, ते आधीच सांगू. नाहीतर झाकणाचं मडकं आणा, तुमच्या हातात देऊ, फक्त खोल पुरा, कुत्र्यानं उकरू नये. रायलीबाई म्हणाली, "उथळ पुरायला ती काय मेलेली कोंबडी हाय?" डॉक्टरीण हसली, आणि मग रायलीबाईही हसली. तिथं निम्मं काम झालं.

पण इंदी अजून कोपीतच होती आणि रक्ताचा दाब चढलेला. डॉक्टरीण म्हणाली, आता घरी बाळंत झाली तर दोघंही हाताला लागायची नाहीत. रायलीबाईनं हौसाकडं बघितलं. "दवाखान्यानं न्हाय दिली तर?" हौसा म्हणाली, "तर माझ्या दारात येऊन माझ्या सात पिढ्यांना शिव्या दे. म्हातारा हाय साक्षीला." म्हातारा म्हणजे मी. इंदी गाडीत बसली.

मोठ्या दवाखान्यात हौसा बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी मडकं पोटाशी धरून उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. सिस्टर बाहेर आली, म्हणाली, "आजी, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. आधी बाळ तर बघा!" हौसा म्हणाली, "बाळ तिची आजी बघंल. मी वारंसाठी उभी हाय." सिस्टरची ड्युटी बदललेली, तिला काहीच माहीत नव्हतं. ती आत-बाहेर बघायला लागली. मला वाटलं, गेली… हौसाचा शब्द गेला. पण आमची डॉक्टरीण तिथं मुद्दाम येऊन थांबली होती. तिनं आतनं वार आणली, मडक्यात ठेवली, वर फडकं बांधलं आणि रायलीबाईच्या पुढं दोन्ही हातांनी धरली. देवाचा प्रसाद देतात तशी. रायलीबाईनं पदरात घेतली. हसलं कुणी नाही.

आता पुरायची कुठं? कोप्या दुसऱ्याच्या रानात, आज हितं, उद्या तितं. सातपुडा राहिला लांब. हौसा म्हणाली, "नदीकडच्या बांधाला आपली मोकळी जागा हाय." तो बांध माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा, नानाचा, सामाईक. नाना उसळला. "वयनी, परक्याची वार आपल्या बांधाला? ऊस जळून जाईल!" हौसा म्हणाली, "भावजी, तुमची वार परसात हाय, शेवग्याच्या बुडाला. सासूबाईंनीच दावली मला. त्या शेंगा मिटक्या मारून खाताय न्हवं? जळला का शेवगा?" नानाला ठसका लागला. पुढं कितीतरी दिवस त्यानं शेवग्याची आमटी खाल्ली नाही. पण बांधाला आडवा आला नाही.

इंदीच्या नवऱ्यानं खड्डा खणला. रायलीबाईनं विचारलं, आमचा डोंगर कुठल्या अंगाला? मी उत्तर दिशा दाखवली. तिनं ज्वारीचे दाणे टाकले आणि मातीशी तोंड नेऊन हळू काहीतरी बोलली, आमच्यासाठी नव्हतं ते. गावातल्या एकानं मोबाईल काढला. हौसा कडाडली, "खिशात घाल! पावण्याच्या देवाचा फोटू काढत न्हाईत."

पुढच्या गाळपाला शिबिर झालं ते कोप्यांच्या मधोमध. मांडव नाही, नारळ नाही. हौसानं रायलीबाईला विचारलं, तुमच्यात चांगल्या कामाला सुरुवात कशी करतात? तिनं दाणे टाकून आपल्या देवाला हाक मारली. माईक बंद, कारण ते बोलणं माईकवर बोलायचं नसतं. मग सगळ्यात आधी तीच तपासून घ्यायला बसली, आणि तिच्या मागं बायांची रांग. वरनं आलेल्या एका साहेबांना ते फार आवडलं. म्हणाले, पुढच्या वेळी स्टेज करू, यांचा पोशाख, ढोल, नाच, सगळं बसवू. हौसा म्हणाली, "सायेब, त्या तपासून घ्यायला आल्यात. नाच बघायचा आसंल तर त्यांच्या गावाला जा, त्यांनी बोलीवलं तर." साहेबांनी चहा घेतला आणि गेले. मी मागं उभा होतो. छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं.

त्यानंतर दरसाल कोण ना कोण मडकं घेऊन येतंय. आता दवाखान्यात बाईला आधीच विचारतात, वार न्यायची का? नको म्हणणाऱ्याही असतात, त्यांचीही मर्जी. पण विचारतात. हौसानं काय केलं म्हणाल, तर हे विचारणं सुरू केलं. गावात मात्र कुणीकुणी म्हणायचे, हे सगळं म्हातारी आहे तोवर. ती गेली की बांध परत बांध होईल. तिच्याही कानावर जायचं. ती नुसती माझ्याकडं बघायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. बाया आत, गडी ओट्यावर. नाना माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाला, "आबा, वयनी व्हती तवर ठीक. आता ते बांधाचं बंद करू." माझं डोकंच चालत नव्हतं. तेवढ्यात फाटकाशी एक पोरगेलासा गडी आला. नव्या टोळीतला, मी कधी बघितलेला नव्हता. हातात फडकं बांधलेलं मडकं. एवढी माणसं बघून थबकला. काय झालंय ते कुणीतरी सांगितलं, तसा त्याचा चेहरा पडला आणि तो मागच्या मागं वळला. नाना उठला, "व्हय बाबा, आज जा. सुतक हाय घरात."

मी म्हणालो, "थांब रं."

नाना म्हणाला, "आबा, कालच वयनीला आग दिलीय. लोकं काय म्हणतील?"

"म्हणू दे. ते मडकं काय सुतक फिटायची वाट बघणार हाय?"

गोठ्यातली कुदळ घेतली आणि पुढं झालो. पोरगा मागनं. वाटेत विचारलं, काय झालं? मुलगी म्हणाला. बाई बरी हाय? म्हणाला, बरी हाय. बांधावर गेल्यावर तो खड्डा खणायला पुढं आला, तर म्हटलं, आज मला खणू दे. खोल खणला, कंबरेला कळ लागेपर्यंत. मग मी उत्तरेकडं बोट केलं आणि म्हणालो, "तुमचा डोंगर त्या अंगाला. सावकाश कर. घाई न्हाय." आणि घराकडनं कुणी मधी येऊ नये म्हणून पायवाटेवर जाऊन आडवा उभा राहिलो.