फुकट चॅनलची बातमी आणि आमचा नंदू

आज सकाळी स्मशानात लोकांनी नंदूला माफ केले.

त्याने कधीही न केलेल्या गुन्ह्याबद्दल.

चिता पेटल्यावर आम्ही मागे सरकून उभे होतो. शेजारचे एक वडीलधारे काका हळहळून म्हणाले, "फुकटच्या चॅनलचे पैसे खाल्ले त्यानं, पन मानूस दिलाचा मोठा. जाऊ दे आता."

दोघातिघांनी मान डोलावली.

त्या बोलण्यात द्वेष नव्हता. म्हणूनच ते ऐकणे अधिक जड गेले.

स्मशानात वाद घालू नये, एवढे मला कळते. म्हणून येथे लिहितो आहे.

नंदकुमार माझा शाळेपासूनचा मित्र. रेवदंड्यात त्याचा केबलचा धंदा. सुपारीच्या वाड्यांतून वायर ओढत त्याने कोळीवाड्यातल्या घराघरांत टीव्ही पोहोचवला. मॅच चालू असताना चित्र गेले, तर भरल्या ताटावरून उठून शिडी खांद्यावर घेणारा माणूस.

चॅनलचे नवे नियम आले, त्या वर्षी एका वर्तमानपत्राने ठळक बातमी छापली. फ्री चॅनल आता पूर्णपणे मोफत, केबलवाल्यांची लूट थांबणार. त्याच संध्याकाळी एका न्यूज चॅनलने ती तशीच दाखवली. तपासून कोणीच पाहिली नाही.

बातमी चुकीची होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि तो नियम मी स्वतः वाचला आहे. फ्री चॅनल म्हणजे ज्याची किंमत चॅनलवाला घेत नाही. परंतु ते चॅनल घरापर्यंत आणणाऱ्या जोडणीचे शुल्क ग्राहकाने द्यायचेच होते. पे चॅनलची किंमत त्याखेरीज वेगळी. बातमीदाराने पहिले वाक्य उचलले आणि पुढचे सोडून दिले.

नंदूने लोकांना त्यांच्या भाषेत समजावून पाहिले.

"काकी, दर्या मासली फुकट देतो ना? मंग होडीत डिझेल कोन घालतं? दर्या?"

"तू दर्या हायस का रं मेल्या?" मासळीची टोपली घेऊन निघालेली काकी म्हणाली. "पेपरात छापलंय. पेपर खोटा आन् तू खरा व्हय?"

सगळे हसले. नंदूही हसला.

तोवर हसता येत होते.

मग शिमगा आला.

आमच्याकडे होळीसमोर एकेकाचे नाव घेऊन बोंब मारतात. कोणाचा चिक्कूपणा, कोणाचा आळस, सगळे चव्हाट्यावर येते. ज्याच्या नावाने बोंब, तोच सर्वांत मोठ्याने हसतो, आणि दुसऱ्या दिवशी मनात काही उरत नाही. नंदूच्या नावाची बोंब ठरलेली असे. "टीव्हीवर मुंग्या दाखवणाऱ्या नंद्याच्या नावानं…"

त्या वर्षी बोंब बदलली.

"नंद्या चोर!"

बोंब मारून झाली, आणि कोणीच हसले नाही.

हातातला नारळ नंदूने होळीत टाकला आणि घरी निघून गेला. त्यानंतर तो होळीला कधी आला नाही.

काही दिवसांनी आम्ही दोघे अलिबागला त्या बातमीदाराला भेटायला गेलो. माणूस सभ्य होता. नियमाचा कागद वाचून त्याने मान्यही केले. "चुकलं खरं. पण काका, बातमी आता शिळी झाली. खुलासा कोण वाचणार?"

नंदू शांतपणे म्हणाला, "तुमच्यासाठी शिळी. माझ्या दारात रोज ताजी हाय."

खुलासा छापून आला नाही.

परतताना रिक्षात तो खाडीकडे पाहत बसला होता. रेवदंडा जवळ आल्यावर एवढेच बोलला, "धंदा गेला तं दुसरा करीन रं. पन माझ्या पोरीला कोनी चोराची पोर बोललं, तं मी काय करू?"



पुढे निम्म्या गावाने छपरावर डिश बसवली. फ्री चॅनलसाठी तेथेही पैसे भरावे लागत होते. ते सर्वांनी मुकाट्याने भरले.

नंदूने मात्र शेवटपर्यंत शिडी सोडली नाही. ज्यांनी बोंब मारली, त्यांच्याही घरी तो बोलावल्याबरोबर जात राहिला. फक्त पूर्वीसारखा चहाला थांबत नसे.

आज पहाटे झोपेतच गेला. हृदयविकार, असे डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टर नाही. त्यामुळे त्यावर काही लिहीत नाही.

ज्यांनी बातमी दिली, त्यांच्याकडून आता माझी काही अपेक्षा नाही. गावकऱ्यांनो, तुमच्याकडून आहे.

येत्या दिवसांत तुम्ही वहिनींना भेटायला जाल. तो देवमाणूस होता, त्याच्यासारखा दुसरा होणे नाही, असले काही बोलू नका. त्याची मुलगी तेथेच, आईशेजारी बसलेली असेल. तिच्याकडे पाहून एवढेच म्हणा, "बाय, तुझा बाप चोर नव्हता. बातमी खोटी होती."

नंदू, हे तुझ्या कानांवर पडायला हवे होते. ते आम्हाला जमले नाही.

सुखाने जा, मित्रा.