सलाइन स्टँडवाले सर

अकोल्याच्या आमच्या शाळेत चित्रकलेचा तास सुरू व्हायचा तो सलाइनच्या स्टँडच्या खडखडाटाने. ड्रॉइंगचे सर तो व्हरांड्यातून ढकलत आणत. त्याचं एक चाक कायम रुसलेलं असे, त्यामुळे स्टँड आधी भिंतीवर जाऊन आदळायचा आणि मग वर्गात यायचा. बंद पडलेल्या कुठल्याशा दवाखान्याचं सामान भंगारात निघालं, तेव्हा सरांनी तो उचलून आणला होता. बाटली टांगायच्या आकड्याला सायकलच्या ट्यूबने मोबाइल बांधायचा आणि प्रोजेक्टरला जोडायचा, की टेबलावर चाललेलं सरांचं चित्र चुन्याच्या भिंतीवर दाराएवढं दिसायचं. "पेशंट वाचते का सर?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच. "पेशंट तं वाचते, तुमचं काही खरं नाही," हे सरांचं उत्तर ठरलेलं.

प्रोजेक्टर शाळेला भेट मिळाला होता. आपल्या हातून तो बिघडला तर, या धास्तीने बाकीच्या शिक्षकांनी त्याला खोक्यातच मुरत ठेवलं होतं. सरांना अशी धास्ती कधी शिवलीच नाही. खोडरबर मात्र त्यांच्या तासाला जप्त. "लहान चूक दिसत नाही, म्हणून ते राहून जाते," ते म्हणायचे, "इथं दाराएवढी दिसते. लपवशीन कुठी?" त्यांची स्वतःची रेघ चुकली की आम्ही टाळ्या पिटायचो. ते मान डोलावून दाद घ्यायचे आणि त्याच चुकलेल्या रेघेचं काहीतरी करून दाखवायचे. सुरईची मान वाकडी झाली तर तिचं बदक व्हायचं.

या व्यवस्थेत सरांचा संसारही भिंतीवर यायचा. एकदा पेरूला छाया देणं चाललं होतं आणि वरून सरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा मेसेज उतरला, "येताना मेथी आणजा. मागच्या खेपेले सडकी होती." अख्ख्या वर्गाने तो मोठ्याने वाचला. सरांनी पेन्सिल खाली न ठेवता मेसेज बोटाने सरकवला. शाळा सुटल्यावर आम्ही फाटकाशी उभे राहून ओरडलो, "सर, मेथी! निवडून घ्याजा!" सर सायकलवरून हात हलवत गेले.

आम्ही नववीत असताना भिंतीवरचा सरांचा हात थरथरू लागला. एरवी कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, पण दाराएवढा हात थरथरला की पार शेवटच्या बाकापर्यंत दिसतं. "स्टँड हालून राहिला," सर म्हणाले. आम्ही त्याच्या चाकाखाली विटेचे तुकडे घातले. स्टँड गप्प झाला, हात नाही झाला. मग आम्हीही "हाव सर, स्टँडच हालते" म्हणायला लागलो.

सरांच्या हाताची कुजबुज मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत पोचली. चित्रकलेचे तयार व्हिडिओ मिळतात, बटण दाबलं की काम होतं, सरांनी आता ऑफिसात बसावं, असा त्यांचा विचार होता. त्याआधी एक तास त्या स्वतः बसून पाहणार होत्या. सर ऑफिसात रजिस्टरं शिवत बसलेत, हे चित्र आम्हाला सहन होईना. शेवटी मी एक अक्कल लढवली. स्टँडच्या दांड्याला काळा दोरा बांधून त्याचं टोक मी माझ्या बाकावर घेतलं. स्टँडच हलताना दिसला, तर हाताकडे कोण पाहणार?

मोठ्या बाई येऊन बसल्या. सरांनी वांगं काढायला घेतलं आणि मी दोरा ओढला. भिंतीवर हात, कागद, वांगं सगळ्यांनाच हुडहुडी भरली. मी अक्कल लढवली खरी, पण दोरा टेबलावरून, थेट कॅमेऱ्यासमोरून जात होता. भिंतीवर वांग्याच्या मधोमध दोरखंडाएवढी काळी रेघ नाचत होती आणि दर ओढीला ती ताठ होत होती. सगळ्या वर्गाने ती पाहिली. बाईंनीही पाहिली.

सरांनी पेन्सिल ठेवली. "मोठ्या बाई, स्टँड चांगला आहे," ते म्हणाले. "हात माह्या हालते." मला रडू फुटायच्या बेतात होतं, तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "ए दोरेवाली, इकडं ये. बस माह्या खुर्चीवर. हात तुह्या, तोंड माह्यं. काढ वांगं!"

मी काढलं. सर मागे उभे राहून बोलत होते, "अवं, ते वांगं हाय का फुगा? देठाकडे पाह्य! घाई काहून करून राहिली? बस सुटून नाही राहिली तुही!" वर्ग हसत होता, भिंतीवर माझा हात घामाने चमकत होता, आणि वांगं मात्र हळूहळू वांग्यासारखं व्हायला लागलं होतं. बाई उठल्या. "असंच चालू द्या सर," त्या म्हणाल्या. "तो दोरा मात्र काढा."

निवृत्तीपर्यंत सरांनी असंच शिकवलं. रोज नवा हात, बहुतेक वर्गातला सगळ्यात कच्चा. बोलणं मात्र एकच, आणि ते कधी थांबत नसे. माझ्या हातावर त्यांनी जितकं तोंड चालवलं, तितकं माझ्या आईनेही चालवलं नसेल. आजही मी कागदावर पेन्सिल टेकवली की तो आवाज मला ऐकू येतो.

आता मी अमरावतीत, राजापेठेजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी सर अकोल्याहून न कळवता आले आणि दारात उभे राहिले. "मॅडम, बसू का मागं?" त्यांनी विचारलं. सगळा जन्म मला पोट्टी म्हणणारा माणूस. मी मागच्या मुलींना सरकायला सांगितलं. ते शेवटच्या बाकावर, दोन मुलींच्या मध्ये जाऊन बसले.

मी सरांसारखंच मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली जास्वंदीचं फूल काढायला घेतलं. पाकळीचं वळण चुकलं. मी थांबले आणि सवयीने मागे पाहिलं. सर दोन्ही हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत होते.

"सर, सांगा ना," मी म्हटलं.

"मले काय विचारता मॅडम?" ते म्हणाले. "मी शिकून राहिलो."

मी पुन्हा पेन्सिल टेकवली. तास संपेपर्यंत मागून एक शब्द आला नाही.